पूजेचं काडतूस

झेंडूचा वास आणि शिलाई मशीनच्या तेलाचा वास एकत्र येण्याचं शहरात सहसा कारण पडत नाही. यंदा पडलं. खंडेनवमीच्या सकाळी इमारतीखालचा शिंपी मशीनला तेल देऊन तिच्या चाकावर माळ चढवत होता. सुईत त्याने लाल दोरा ओवून ठेवला होता. मी एक उसवलेली पिशवी शिवून घ्यायला गेलो होतो. "आज मशीन चालणार नाही, साहेब. उद्या दुपारनंतर या," तो म्हणाला. मी बरं म्हणालो आणि तिथेच उभा राहिलो. जरा जास्त वेळ.

"काही विसरलात का?" त्याने विचारलं.

काही विसरलो नव्हतो. अडचण तीच आहे.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्रीच्या काठी आमचं गाव. आश्विनात तिथे हळवं भात कापायला येतं आणि गरवं अजून हिरवं असतं, त्यामुळे एकाच खोऱ्यात दोन रंग शेजारी शेजारी दिसतात. सकाळी नदीवरचं धुकं उठून कशेडीच्या बाजूला सरकतं. नऊ वाजले की ऊन पाठीला लागतं. कापलेल्या देठांना ओला, गोडसर वास असतो. दुपारपर्यंत तो सुकतो आणि त्याची धूळ होते. खाचरातून चालताना खुंट तळव्याला टोचतात. हे वर्णन त्या खोऱ्यातल्या कुठल्याही वर्षाला लागू पडेल. ज्या वर्षाबद्दल मी लिहितो आहे, त्यात याच्या जोडीला एक आवाज होता. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा पडल्याचा. टक्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.

साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. आदल्या उन्हाळ्यात घाटाच्या अंगाच्या एका वस्तीत दरोडा पडला होता. भांडी गेली, दागिने गेले, एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं. तेवढं कारण पुरलं. आमच्या बाजूच्या चार जमीनदारांनी अलिबागला अर्ज केले आणि पावसाळ्यात चौघांना रिव्हॉल्व्हरचे परवाने मिळाले. दरोड्याच्या आधीही त्यांना भीती वाटत होती. पण ती बोलून दाखवण्यासारखी नव्हती. कूळकायदा येऊन तीनचार वर्षं झाली होती. काल बांधावर उभं राहून बोलणारा माणूस आज खाचरात उभा राहून बोलत होता, आणि जमिनीच्या कागदावर आता त्याचंही नाव होतं. अर्जात याचा उल्लेख नव्हता. अर्जात 'स्वसंरक्षणार्थ' एवढाच शब्द होता.

चौघांपैकी एक माझे थोरले काका. त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू. वडील लहानपणीच गेल्यामुळे मी त्यांच्याच घरी वाढलो. त्या वर्षी मी तेवीस वर्षांचा होतो, पदवी घेऊन घरी बसलो होतो आणि मुंबईच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पोस्टाने पाठवत होतो. पुराचं पाणी, बाजारातला भाताचा भाव, घाटात कोसळलेली दरड. पाठवलेल्या पाचांपैकी एक छापून येई. ती कापून मी वहीत चिकटवत असे.

परवाने आले, रिव्हॉल्व्हरं आली. ती चालवायची कशी हे चौघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून हवालदाराला बोलावलं.

हवालदाराचं नाव गणपत. वरच्या वाडीचा. त्याचा बाप आमच्याच दोन खाचरांचं कूळ होता. गणपत पलटणीत गेला, लढाईत परदेशी राहिला, हवालदार झाला आणि परत आला. नोकरीची वर्षं कमी भरल्यामुळे त्याला पेन्शन लागली नाही. मग काही वर्षं त्याने मुंबईत एका गोदामावर पहारा केला आणि त्याच गोदामाच्या जिन्याखाली राहिला. वाडीवर बायको नाचणीचं माळरान एकटीने ओढत होती. कमी अंगाचा, काळा, सरळ पाठीचा माणूस. चालताना तो पाय आपटत नसे. मात्र थांबला की दोन्ही टाचा एकत्र येत.

वर्ग आमच्या ओटीवर भरे, आठवड्यातून दोनदा, सकाळी. वर्ग चालू असेपर्यंत गणपत ओटीवर उभा असे आणि सगळे त्याला हवालदार म्हणत. वर्ग संपला की तो खाली अंगणात उतरे, वहाणा पायात घाली आणि आप्पा म्हणत, "गणू, जाताना गोठ्याचं कवाड ओढून घे रे." दोन्ही वेळी तो "जी" म्हणे. आवाज मात्र तोच नसे.

पहिला महिनाभर त्याने काडतुसाला हात लावू दिला नाही. परवान्यावर काडतुसं मोजकीच मिळत, हे एक कारण. दुसरं कारण त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. "गोळी सोडायला काय लागतं? बोट. ते सगळ्यांना असतं. न सोडायला शिकायचं हाय."

त्याचे नियम थोडे होते. काडतुसांचा डबा वर्गाच्या जागी ठेवायचा नाही. तो माजघरात, एका माणसाच्या ताब्यात. तो माणूस मी. वर्ग सुरू करताना हवालदार विचारी, "डबा?" आणि मी म्हणायचं, "आत." मग प्रत्येकाने आपलं रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडायचं. ही जुनी विलायती रिव्हॉल्व्हरं बिजागरीवर उघडत. नळी खाली झुके आणि चक्रातली सहा घरं समोर येत. नुसतं बघायचं नाही. करंगळीचं टोक प्रत्येक घरात घालायचं. सहाही घरं झाली, की मोठ्याने म्हणायचं, "खाली!" हा पलटणीतला शब्द, रिकामं आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर हवालदार स्वतः येऊन आपलं बोट पुन्हा सहा घरांत घाली.

"डोळा फसतो," तो म्हणे. "बोट फसत नाय."

आप्पांना मोठ्याने ओरडायची लाज वाटे. ते पुटपुटत. हवालदार तिथेच उभा राही. "ऐकू नाय आलं, आप्पा."

"खाली म्हटलं की."

"मनात म्हटलेलं चालत नाय. मनातल्या मनात खाली म्हणजे भरलेलं. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू गेलं पायजे."

मग आप्पा ओरडत आणि परड्यातल्या कोंबड्या उडत.

उभं राहणं तो बांधावरचं उदाहरण देऊन शिकवी. पाय बांधाच्या रुंदीएवढे फाकलेले, गुडघे सैल, अंग किंचित पुढे. डोक्यावर भारा असताना माणूस जसा उभा राहतो तसं. दोन्ही हातांनी धरायचं, पण आवळायचं नाही. निम्मा श्वास सोडून थांबायचं. नेम ठरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, सरळ. "बोट बाहेर" हे शब्द त्याने त्या दोन महिन्यांत किती वेळा उच्चारले असतील, त्याची गणती नाही. पुढे काकी चुलीजवळ खरकट्या हाताने डब्यात हात घालणाऱ्यालाही "बोट बाहेर" म्हणू लागली.

नळीच्या वर तो वालाचा एक दाणा ठेवी. घोडा ओढलेला, नेम धरलेला, आणि नळीवर वाल. मग हुकूम होई, "दाब." घोडा पडला पाहिजे आणि वाल पडता कामा नये. ज्याचा हात चाप दाबताना झटका खातो, त्याचा वाल पडतो. दाणा ठेवताना हवालदार नेहमी शिकणाऱ्याच्या मागच्या बाजूने हात आणी. नळीच्या तोंडापुढून त्याचा हात कधीही जात नसे. रिकामं आहे हे स्वतः बोट घालून पाहिल्यावरसुद्धा.

चौघांत नाना म्हणून एक होते, शेजारच्या गावचे, अंगाने भरलेले. त्यांचा वाल कधीच राहत नसे.

"नाना, डोळं उघडा."

"उघडे ठेवले की आवाजाची भीती वाटते."

"आवाज कुठला? आत काडतूस हाय का?"

"नाही."

"मग?"

"आतापासून सवय करतोय."

बाकीचे हसत. आतून काकीचा आवाज येई, "हवालदार, आमच्यांचा नेम बसला की सांगा हो. लापशी करीन म्हणून गूळ राखून ठेवलाय, त्याला मुंग्या लागल्या."

हवालदार हसत नसे, पण दाणा उचलताना त्याच्या मिशीची एक बाजू हले.

एका सकाळी त्याने चौघांना घरातून फिरवलं. माजघर, न्हाणी, मागची पडवी. दरवाज्याशी उभा राहून तो विचारी, चोर इथे उभा आहे, नेम कुठे धराल? आप्पांनी पडवीकडे हात केला.

"ही भिंत कसली?"

"कुडाची."

"हिच्यापल्याड कोण निजतं?"

"बायका. मुलं."

"मग हिकडं नेम नाय. चोर हितंच उभा असला तरी नाय. कूड गोळी आडवत नाय."

"मग काय करायचं?"

"तीनदा विचारायचं, कोण हाय. तोंड दिसल्याबिगर बोट आत नाय. आन् मागं माणूस असंल तर न्यायचं ते नेऊ द्यायचं."

आप्पा रागावले. "नेऊ द्यायचं? मग हे घेतलं कशाला?"

"ते तुमी जाणा," हवालदार म्हणाला.

पुढे अनेक वर्षं मी वर्तमानपत्रात शस्त्रांच्या, दंगलींच्या, गोळीबारांच्या बातम्या तपासल्या. त्या विषयावर कोणी त्याहून नेमकं बोललेलं माझ्या पाहण्यात नाही.

भाद्रपदात एक बातमी आली. महाडला नागरिकांसाठी बंदूक शिकवण्याचा एक कायमचा वर्ग निघणार होता आणि त्यासाठी शिक्षक हवा होता. शिक्षक कोण नेमायचा ते ठरवणारे गृहस्थ आप्पांच्या ओळखीचे होते. आप्पांनी त्यांना दसऱ्याला जेवायला बोलावलं आणि सकाळी आमच्या वर्गाचं काम पाहायला या म्हणून सांगितलं. आप्पांनी हे मनापासून केलं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. आपण ज्याच्याकडून शिकलो तो माणूस महाडला शिक्षक झाला, तर त्यात आप्पांचाही मान होता.

हवालदार त्या जागेबद्दल माझ्याशी एकदाच बोलला. आम्ही खाचराच्या कडेने चाललो होतो. त्या दिवसांत तो मला अरे-तुरे करत असे.

"महाडवरनं वाडीला सांजच्याला परत येता येतं ना रे?"

"शेवटची एसटी धरली तर येता येईल."

"मग झालं." थोडं चालून तो म्हणाला, "दिसभर हवालदार म्हणतील."

तो एवढंच म्हणाला. बायको, नाचणी, जिन्याखालचं अंथरूण यांतलं काही बोलला नाही. पण त्या जागेकडे त्याचे किती डोळे लागले होते, हे त्यानंतरच्या वर्गांत दिसू लागलं. त्याने नानांचेसुद्धा डोळे उघडवले.

आमच्या घरी खंडेनवमीला रिकामं काही पूजेला ठेवत नसत. ही रीत किती जुनी, ते माहीत नाही. पायली मांडायची ती भाताने भरून. दौत शाईने भरून. उखळात मूठभर भात, कंदिलात तेल, दळायच्या जात्याच्या तोंडात चिमूटभर नाचणी. कोयत्यांना धार लावलेली असे. रिकामी वस्तू देवापुढे ठेवली तर वर्षभर ती रिकामीच राहते, असं आप्पांची आई म्हणत असे. ती गेली तरी रीत राहिली. त्या वर्षी पाटावर कोयते, पायली आणि दौतीच्या शेजारी प्रथमच रिव्हॉल्व्हर आलं. मी त्याला मशीनचं तेल देऊन पुसलं होतं. आप्पा सोवळ्यात होते. त्यांनी हळद-कुंकवाची वाटी उचलली आणि थांबले.

"भाऊ, एक काडतूस घाल त्यात," ते मला म्हणाले. "रिकाम्याला हळदकुंकू कसं लावणार?"

मी आत जाऊन डब्यातलं एक काडतूस आणलं, रिव्हॉल्व्हर उघडलं आणि एका घरात घातलं. काकीने नळीभोवती झेंडूची माळ दोनदा गुंडाळली आणि मुठीला आंब्याचं पान बांधलं. आरती झाली. पूजा मांडलेली हत्यारं दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत हलवायची नाहीत, अशी रीत. फक्त प्रात्यक्षिकासाठी रिव्हॉल्व्हर तेवढं सकाळी पाटावरून उचलायचं, असं आप्पांनी ठरवलं होतं.

काडतूस आरतीनंतर आप्पा काढतील, असं मी धरून चाललो. भाऊ काढील, असं आप्पांनी धरलं असावं. 'असावं' म्हणतो, कारण हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही.

दसऱ्याच्या सकाळी पाहुणे आले. पांढरे कपडे, काळी टोपी, हातात छत्री. त्यांना खुर्ची दिली. बाकीचे तिघे आपापली रिव्हॉल्व्हरं घेऊन आले होते. हवालदाराने धुतलेला खाकी सदरा घातला होता. सदऱ्याची घडी इतकी कडक होती की बायकोने तो रात्रभर अंथरुणाखाली दाबून ठेवला असणार.

"डबा?" त्याने विचारलं.

"आत," मी म्हणालो.

डबा आत होता. हे वाक्य खरं होतं.

तिघांनी रिव्हॉल्व्हरं उघडली, बोटं घातली, "खाली!" म्हणून ओरडले. हवालदाराने तिन्ही तपासली. पाहुण्यांनी मान हलवली. मग तो आप्पांपाशी आला. आप्पांच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरवर माळ होती, कुंकू होतं.

"उघडा, आप्पा."

"पूजेचं हत्यार आहे, हवालदार. माळ तुटेल. सोनं लुटेपर्यंत मोडायचं नाही."

"उघडल्याबिगर..."

"आज नाही," आप्पा म्हणाले. मग पाहुण्यांकडे बघून हसत म्हणाले, "आमचे हवालदार फार कडक आहेत."

पाहुणेही हसले. हवालदाराने आप्पांकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं. त्याच्या बापाने ज्या माणसापुढे कधी मान वर केली नव्हती तो माणूस समोर होता, आणि ज्याच्या शब्दावर महाडची जागा होती तो माणूस खुर्चीत होता. त्या क्षणी माझ्या मनात आलं होतं. काडतूस काढलं असेल ना? एवढंच आलं. मी तोंड उघडलं नाही. पूजेचं हत्यार, पाहुणे, आप्पांचा चारचौघांतला मान. आणि काढलंच असेल.

"खाली," आप्पा म्हणाले. बऱ्यापैकी मोठ्याने.

हवालदाराने वालाचा दाणा घेतला. मागच्या बाजूने हात आणायला माळ आड येत होती. फुलांवर दाणा बसेना. नळीचं टोक तेवढं मोकळं होतं. तो पुढच्या बाजूला सरकला आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून दाणा टोकावर टेकवू लागला. आप्पांचा नेम जोत्याच्या दगडावर होता. घोडा ओढलेला होता. हुकूम व्हायचा होता. आप्पांचं बोट आत होतं.

आवाज ओटीला मोठा झाला. नानांनी डोळे मिटले. धूर, जळलेल्या दारूचा उग्र वास आणि तुटून उडालेल्या पाकळ्या. हवालदार खाली बसला. त्याने डावा हात उजव्या हातात धरला होता आणि त्या सगळ्यात तो पहिलं वाक्य बोलला ते हे:

"बोट बाहेर घ्या, आप्पा. अजून बोट आत हाय."

तर्जनी आणि मधलं बोट गेलं. बैलगाडीने पोलादपूर, तिथून एका ट्रकने महाड. भाताच्या पेंढ्यावर त्याला निजवलं होतं. त्याची बायको खाचरातून तशीच धावत आली, तिच्या कमरेला विळा अडकवलेला होता. ती रडत नव्हती. गाडीच्या मागोमाग चालताना ती एकसारखं म्हणत होती, "गो बाय, सदरा सगळा गेला, सदरा सगळा गेला."

पंचनामा त्याच दुपारी आमच्या ओटीवर झाला. पोलिसाने विचारलं, काडतूस आत कसं राहिलं?

"शिकवताना राहिलं असेल," आप्पा म्हणाले.

त्या चुकीची जबाबदारी परवानाधारकावर आली असती तर परवाना गेला असता, आणि परवान्याबरोबर बरंच काही. हे सर्वांना कळत होतं. मला कोणी काही विचारलं नाही. मी पाटावरचे कोयते बघत उभा होतो.

दवाखान्यात हवालदाराचा जबाब झाला, तेव्हा मी हजर होतो. त्याने कोणाचं नाव घेतलं नाही. "उघडून बघितलं नाय. हात नळीपुढं आणला. दोनी चुका माझ्या." लिहून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, काडतूस कुनी घातलं रे?"

मी म्हणालो, "चौकशी चालू आहे." हे शब्द मी बातम्यांतून शिकलो होतो. त्याने मान भिंतीकडे वळवली.

रात्री घरी बसून नव्हे, तिथेच महाडला, पोस्टाच्या बाकावर मी बातमी लिहिली. सहा ओळी. गाव, वेळ, जखमी माणसाचं नाव, वय, कोणता हात, किती बोटं. सगळं तपासून घेतलेलं होतं. चौथ्या ओळीत 'प्रशिक्षकाच्या हलगर्जीपणामुळे' असे शब्द होते. जबाबात त्याने स्वतःच चूक कबूल केली होती. त्यामुळे तेही सिद्ध करता आलं असतं. बातमी छापून आली. संपादकांचं पत्र आलं की भाषा आटोपशीर आहे, मुंबईला येऊन भेटा. पुढच्या पावसाळ्याआधी मी नोकरीला लागलो.

महाडची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. शिक्षक म्हणून हलगर्जी माणूस नको, असं पाहुणे म्हणाल्याचं कळलं. त्यांनी बातमी वाचली होती. आमचा वर्ग बंद झाला. आप्पांनी दिवाळीला वाडीवर एक मण भात पाठवला. हवालदाराने तो ठेवून घेतला. त्यानंतर सगळे त्याला गणू म्हणत, सकाळीही आणि दुपारीही. दरोडेखोर आमच्याकडे कधी आले नाहीत. त्या रिव्हॉल्व्हरमधून माणसावर सुटलेली ती एकच गोळी.

बातमीदारी करताना काही गोष्टी हाताला बसतात. अर्धं सत्य लिहिलं तर हात थरथरत नाही. थरथरेल अशी अपेक्षा असते, पण नाही. वालाचा दाणा जागच्या जागी राहतो.

आठ वर्षांनी दसऱ्याच्या दुपारी आप्पांना झटका आला आणि त्याच आठवड्यात ते गेले. मी मुंबईहून आलो. दिवसकार्य उरकल्यावर काकी म्हणाली, ते हत्यार पोलिसांत जमा करायचं आहे आणि त्याला हात लावायला घरात कोणी तयार नाही. देवघराच्या फळीवर ते पाटासकट तसंच होतं, खंडेनवमीची सुकलेली माळ गुंडाळलेलं. माझाही हात पुढे झाला नाही. मी वाडीवर गेलो.

गरवं भात कापून झालं होतं. तो ओल्या खाचरात वाल पेरत होता. डाव्या हातात दाणे धरता येत नव्हते, म्हणून गळ्यात झोळी अडकवली होती. मी काम सांगितलं. त्याने हात झटकले आणि निघाला. वाटेत तो मला तुम्ही म्हणाला. मुंबईत पाऊस किती झाला, असं विचारलं. मी सांगितलं. एवढंच बोलणं झालं.

अंगणात येऊन तो थांबला. "वर या," मी म्हणालो. त्याने वहाणा काढल्या, पाय धुतले आणि ओटीवर आला. टाचा एकत्र झाल्या. मी पाटासकट रिव्हॉल्व्हर त्याच्यापुढे ठेवलं. त्याने नळी जोत्याच्या दगडाकडे वळवली, माळ तोडली आणि ते मधून उघडलं. खट् असा आवाज होऊन एक काडतूस बाहेर आलं आणि पाटावर लोळत जाऊन थांबलं.

काकी दारात होती. ती आत गेली.

"पूजेचं," तो म्हणाला. "तुमच्याकडं रिकामं पुजत नायत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिशी. आमची बायकू हितं सारवायला यायची नव्हं? पायलीत भात, दौतीत शाई. दवाखान्यात म्हनाली मला."

"ते मी घातलं होतं," मी म्हणालो.

"ते बी म्हायती. डबा तुमच्याकडं व्हता."

खाचराकडून पालापाचोळा जाळल्याचा धूर येत होता. मी विचारलं, "मग जबाबात का नाही सांगितलंत?"

त्याने पाटावरचं काडतूस उचलून बाजूला उभं केलं. मग म्हणाला, "तुमी लिवनार व्हता ना पेपरात. मी म्हटलं, लिवतील. आठ दिस पेपर मागवला बाजारातनं. पोराकडनं वाचून घेतला."

त्याने डाव्या हाताची करंगळी एकामागून एक सहा घरांत घातली. प्रत्येक घरात ती थोडी थांबली. मग रिव्हॉल्व्हर तसंच उघडं, मूठ माझ्याकडे करून, त्याने पुढे धरलं.

"बघून घ्या."

मी ते हातात घेतलं. करंगळी पहिल्या घरात घातली, मग दुसऱ्या, मग पुढे. लोखंड गार होतं. सहावं घर झालं.

"खाली," मी म्हणालो.

"मोठ्यानं," तो म्हणाला.